बैल पारखणाऱ्याचा कंप्रेसर

धनसिंग आबांचा धंदा काय, असं परगावच्या माणसाने विचारलं तर आमचं गाव जरा अडखळतं. शेती आहे, पण ती प्रेमराज करतो, त्यांचा मुलगा. घर आहे, ते भिकुबाई चालवतात, त्यांची बायको. आबा पसंत करतात. दुसऱ्याच्या पैशाने, दुसऱ्याच्या घरासाठी, दुसऱ्याच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून जायचं आणि वस्तू पसंत करून यायचं, एवढं एक काम त्यांनी जन्मभर मन लावून केलं.

आमच्या चोपड्याकडच्या खेड्यांत बैल घ्यायला माणूस एकटा जात नसे. सोबत जाणता लागे. लोक म्हणत की जाणत्याला बैल कळतो. खरी गोष्ट अशी की बैल पुढे बसकण मारणारा निघाला, तर शिव्या घालायला कुणीतरी हाताशी असावं लागतं. स्वतःच्या मूर्खपणाला स्वतः शिव्या घालायची आमच्याकडे पद्धत नाही.

आबा त्या कामाचे बादशहा. बाजारात गेले की आधी बैलाकडे बघायचेच नाहीत. त्याच्याकडे पाठ करून तंबाखू मळत उभे राहायचे. विकणारा कंटाळला की अचानक वळून बैलाचं शेपूट उचलायचे. मग दात, खूर, पाठीवरचा भोवरा. मग पोटाला कान लावून काहीतरी ऐकायचे. काय ऐकू येतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. शेवटी खांद्यावरचं उपरणं काढून हातावर पसरायचं, विकणाऱ्याने त्याखाली हात घालायचा आणि बोटं दाबून दाबून भाव ठरवायचा. वर दोघांचे चेहरे दगडासारखे. उपरण्याखाली कुणी बोट पिरगाळलं तरी चेहरा हलू द्यायचा नाही, ही त्या विद्येची पहिली पायरी. "सौदा व्हयना," असं आबा म्हणाले की सौदा झाला.

आणि बैल वाईट निघाला तर? आबांकडे तीन उत्तरं तयार असत. "तुमी चारा बदला." ते नाही पटलं तर, "नजर लागनी." तेही नाही पटलं तर, "बैल चांगला शे, मालक नरम शे." तिसऱ्या उत्तरानंतर मालक गप्प बसे. आपण नरम आहोत की नाही यावर चावडीत चर्चा झालेली कुणाला आवडते?

आबांच्या स्वतःच्या गोठ्यातली जोडी मात्र भिकुबाईंच्या माहेरून आलेली. "ती यासनी पसंत करेल नव्हती, म्हनीसन म्हातारी व्हईपावत टिकनी," असं भिकुबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. आबांनी एकदा चिडून विचारलं होतं, "तुले बी मीच पसंत करेल शे ना?" त्यावर भिकुबाई काही बोलायच्या आतच त्यांनी पुढचं वाक्य टाकलं, "दात देखा व्हतात. जीभ देखानी ऱ्हाई गयी."

मग ट्रॅक्टर आले आणि बैलबाजार आटला. आबांनी आपली विद्या मोटारपंपाला लावली, पत्र्याच्या कोठीला लावली, कूलरला लावली. शेजारच्या लताबाईंचा कूलर त्यांनी वजनावरून पसंत केला. "जड शे म्हंजे कसदार शे." तो कूलर दारातून आत गेला नाही. आजही ओट्यावर उभा आहे आणि उन्हाळाभर अख्ख्या गल्लीला गार करतो, घरात बसलेल्या लताबाई सोडून. तरी लताबाईंनी आबांना दोष दिला नाही. त्यांनी गवंड्याला शिव्या घातल्या, दार अरुंद ठेवलं म्हणून. असं आमचं गाव.

पण पुढे पोरांच्या हातात मोबाईल आले. दाबलं बटण की वस्तू दारात. आणि शेवटी प्रेमराजने ट्रॅक्टर आणला तो आबांना न विचारता. ट्रॅक्टर दारात आला तेव्हा आबा शेतात होते. परत आले, त्याच्याभोवती एक चक्कर मारली, मागे जाऊन उगाच वाकून पाहिलं, आणि आत गेले. त्या दिवसापासून त्यांना कुणी कुठे नेलं नाही. पुढच्या सीटवर दुसरेच बसू लागले. पारावर कौतिक चहावाला हसत विचारायचा, "आबा, काय पसंत करं हाई हप्तामा?" आबा म्हणायचे, "तुना चहा नापसंत करा." पण त्यात जोर राहिला नव्हता. आता एकदा कुणीतरी बोलवावं आणि एकदा निवड अशी जमावी की कौतिकचं तोंड बंद व्हावं, एवढीच त्यांची आस होती. ते अख्ख्या गावाला माहीत होतं, आणि अख्खं गाव मजा बघत होतं.

बोलावणं आलं ते घरातूनच. म्हणजे आलं नव्हतं. आबांनी ते ओढून घेतलं.

प्रेमराजची मुलगी ज्योती. जळगावला शिकून आली आणि घराच्या पुढच्या खोलीत तिने कॉम्प्युटरचा क्लास काढला. पोरं टायपिंग शिकतात, बायका येऊन ऑनलाइन अर्ज भरून घेतात. क्लास चांगला चालतो, फक्त घराच्या मागे जिनिंग आहे. हंगामात कापसाची रुई अशी उडते की दोरीवरच्या काळ्या पँटीला लव फुटते. ती रुई कॉम्प्युटरच्या पोटात जाते, आतल्या पंख्याला गुंडाळते, आणि मशीन घोरायला लागतं. घोरता घोरता तापतं आणि पोरगं अर्ध्या ओळीत असताना बंद पडतं. ज्योती पेटी उघडून रंगाच्या ब्रशने साफ करायची. ब्रश जिथे पोचत नाही तिथे रुईचं घरटं तसंच राहायचं.

एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "पप्पा, धूळ उडवायचं मशीन लागेल. हातात धरायचं, छोटं ब्लोअर येतं. जळगावला आमच्या सरांकडे आहे."

आबा शेजारच्या खोलीत खाटेवर आडवे होते. भिकुबाईंनी सकाळपासून तीनदा हाक मारली तेव्हा त्यांना ऐकू आलं नव्हतं. आता आतून आवाज आला.

"काय लेवानं शे?"

प्रेमराजचा घास हातातच राहिला.

"काही नाही आबा," ज्योती म्हणाली. "हवा मारायचं लहानसं मशीन."

आबा दारात येऊन उभे राहिले. डोक्यावर टोपी होती. झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर टोपी कधी आली, हे कुणाला कळलं नाही. "कितला दमनं?"

"दम कमीच लागतो आबा. जास्त जोराने मारलं तर आतले नाजूक भाग तुटतात."

"कमी दमनं कोनी लेस का?"

भिकुबाई चुलीपुढून म्हणाल्या, "पोरना कामनं शे, पोरले समजस. तिले लेऊ द्या."

"समजत व्हतं ते तिनी माले इचारं कसाले?"

तिने विचारलंच नव्हतं. पण हे सांगायला कुणी पुढे झालं नाही. प्रेमराजच्या मनात ट्रॅक्टरचं ओझं अजून होतं. तो म्हणाला, "चला आबा तुम्ही पण." ज्योतीने ताट सरकवलं आणि उठून गेली.

जळगावला चंदनशेठचं दुकान मोठं. पुढे रॅकवर हातात धरायचे ब्लोअर, मग छोटे बिनतेलाचे कंप्रेसर, आणि अगदी आत गॅरेजवाल्यांसाठी लाल रंगाचे, चाकांवरचे, पट्ट्याने फिरणारे दणकट कंप्रेसर. ज्योती सरळ रॅककडे गेली. आबा रॅककडे पाठ करून तंबाखू मळायला लागले.

"आबा, पाणी घेता का?" शेठने विचारलं.

आबांची अजून बोलायची वेळ झाली नव्हती. तंबाखू झाली तेव्हा ते अचानक वळले आणि छोट्या कंप्रेसरची वायर उचलून तिच्याखाली बघितलं.

"याले खावाले काय लागस?"

"म्हणजे?"

"तेल, डिझेल. काय पेस?"

"हा बिनतेलाचा आहे आबा," शेठ कौतुकाने म्हणाले. "काहीच घालावं लागत नाही. दाताच्या डॉक्टरकडे हाच असतो. हवा एकदम स्वच्छ."

"काहीच खात नही?"

"काही नाही."

आबांनी प्रेमराजकडे अशा नजरेने पाहिलं की जणू शेठ वांझ म्हैस दाखवत होते. "उपाशी शे हाई. जे खात नही त्याले कोनी जुपत नही." आणि ते सरळ आत, लाल कंप्रेसरपाशी गेले. त्याची टाकी ज्योतीच्या कमरेहून रुंद. आबांनी तिच्यावर थाप मारली. घुम्म आवाज आला. आबांनी कान लावला, डोळे मिटले.

"आबा, तो नको," ज्योती म्हणाली. "त्याच्या टाकीत पाणी साठतं, तेलसुद्धा—"

"पाणी पेस, तेल पेस, मंग आखो काय जोयजे?"

चंदनशेठ व्यापारी होते, पण अगदीच बेइमान नव्हते. ते म्हणाले, "आबा, हा टायरमध्ये हवा भरायचा माल आहे. कॉम्प्युटरला मारायचाच असेल तर पुढे गाळणी लावून घ्या. पाणी आणि तेल त्यात अडकतं. तोंडाशी बसते."

आबांचा चेहरा कडक झाला. "तोंडले?"

"हो, अशी. नळीच्या तोंडाशी."

"मुसकं?" आबा म्हणाले. "मुसकं चोरटा बैलले बांधतस, शेठ. तुमना माल चोरटा शे का?"

शेठने गाळणी परत रॅकवर ठेवली. ज्योतीने ती उचलली. आबांनी ती तिच्या हातातून घेऊन पुन्हा रॅकवर ठेवली. प्रेमराज दुकानाच्या पाटीवरची अक्षरं वाचत होता. वाचून झाली तरी वाचत राहिला.

मग आबांनी उपरणं काढून हातावर पसरलं आणि हात शेठपुढे केला. यंत्रावर किमतीचा कागद चिकटवलेला होता, आंधळ्यालाही चाचपून कळावी एवढ्या मोठ्या आकड्यात. शेठला काही समजेना. मग त्यांना वाटलं, म्हाताऱ्याचा हात दुखत असावा. त्यांनी उपरण्याखाली हात घालून प्रेमाने शेकहँड केला. आबांनी त्यांची दोन बोटं दाबली. शेठने घाबरून हात काढून घेतला.

"सौदा व्हयना," आबा म्हणाले. कागदावरची किंमत होती तशीच प्रेमराजने मोजली.

येताना जीपमध्ये आबा पुढे. मागे ज्योती, आणि तिच्या मांडीला टेकून लाल टाकी. तापीच्या पुलावर आबा मागे वळून म्हणाले, "देख पोरी, कसं गरीब बठेल शे."

यंत्र गोठ्यात ठेवलं. जोडी गेल्यापासून गोठा रिकामाच होता. आबांनी त्याचं चाक जुन्या खुंट्याला दाव्याने बांधलं. भिकुबाईंनी हळदकुंकू वाहिलं. देवाला आणि नव्या वस्तूला त्या नाही म्हणत नाहीत, नवऱ्याला म्हणतात. पावसाळ्याचे दमट दिवस होते. संध्याकाळपर्यंत जो येईल त्याला आबांनी यंत्र चालू करून त्याचा आवाज ऐकवला, आणि ऐकवता ऐकवता टाकीच्या तळाशी पाणी साठत गेलं.

सकाळी गाव जमलं. कौतिक चहाचं दुकान टाकून आला. आबांनी नळी स्वतःच हातात घेतली. ज्योतीने एक कॉम्प्युटर उघडून ठेवला होता.

"आबा, निदान अंगणात नेऊ या," ती म्हणाली. "आणि टाकीखालचा नळ सोडून आधी पाणी काढून टाका."

"आत्तेच पेयेल शे. लगेच काढतस का कोनी?"

"आतला पंखा बोटाने धरू द्या मग. नाहीतर तो गरगर फिरून—"

"तू बाजूले व्हय."

ती बाजूला झाली. आबांनी चाप दाबला.

आधी पंखा फिरला. असा फिरला की आपल्या जन्मात तो कधी तसा फिरला नव्हता. त्याने डुक्कर किंचाळावं तशी किंकाळी फोडली, आणि त्याचं एक पातं तुटून भिंतीवरच्या कॅलेंडरात घुसलं. मग मागच्या हंगामाची सगळी रुई एकदम बाहेर आली आणि खोली दिसेनाशी झाली. त्या धुरळ्यात नळी खोकली. एकदा खोकली, दुसऱ्यांदा खोकली, आणि तिसऱ्यांदा तिने ताकासारखं पांढरट, तेलकट पाणी कॉम्प्युटरच्या पोटात ओकलं. उरलेली रुई त्यात कालवली जाऊन आतल्या पट्टीवर तिचं सारवण झालं.

धुरळा खाली बसला तेव्हा कौतिकच्या मिशा म्हाताऱ्या झाल्या होत्या.

"झाया ना साफ?" आबा म्हणाले. "चालू कर."

"नका आबा!"

आबांनी बटण दाबलं. आत एक निळी ठिणगी चमकली, करपलेल्या शेवेसारखा वास आला, आणि तो कॉम्प्युटर मेला. ज्योतीने कंप्रेसरची पिन काढली, सगळ्यांना बाहेर घालवलं आणि क्लासचं दार आतून लावून घेतलं.

आबा अंगणात उभे राहिले. लोक वाट बघत होते, कारण आता पहिलं उत्तर यायला हवं होतं. चारा बदला? बदलायला चारा कालच सुरू झाला होता. नजर लागनी? आबांनी कौतिककडे पाहिलं, पण रुईने भरलेल्या त्या मिशांकडे बघून कुणी नजरेचा आरोप करू शकला नसता. राहिलं तिसरं उत्तर. बैल चांगला, मालक नरम. पण या वेळी मालक तेच होते.

जन्मभर दुसऱ्यांच्या गोठ्यात बैल बांधून आलेल्या माणसाने पहिल्यांदा स्वतःच्या गोठ्यात बांधला होता.

संध्याकाळपर्यंत कौतिकच्या दुकानात वाक्य तयार झालं. "आबाना बैल तोंडवाटे मुतस." चहासोबत ते सगळ्यांना फुकट मिळत होतं. लताबाईसुद्धा म्हणाल्या, "मना कूलर बी पानी टाकस, पन तो बिचारा बाहेर टाकस." इतकी वर्षं गप्प असलेल्या लोकांना आपापले बैल आठवले. कुणाचा आडवा पडायचा, कुणाचा वखर दिसला की लंगडायचा. एकेक जुनं जनावर उठून चावडीवर आलं.

आबांनी पारावर जाणं सोडलं. दिवसभर गोठ्यात बसायचे. एकदा भिकुबाई शेण नसलेल्या त्या गोठ्यात सवयीने झाडायला गेल्या, तेव्हा आबा जुन्या जोडीच्या झुलीने लाल टाकी पुसत होते. भिकुबाई टोमणा घेऊन गेल्या होत्या, तो तसाच घेऊन परत आल्या.

दोन दिवसांनी ज्योती बापाला म्हणाली, "मी जळगावला जाते. शेठ कंप्रेसर परत घेतात का बघते आणि ब्लोअर आणते. आणि पप्पा, आबा नकोत."

प्रेमराज जीप काढायला गेला, तर पुढच्या सीटवर टोपी घातलेले आबा बसलेले. प्रेमराजने चाक तपासायला सुरुवात केली. चाकाला काही झालं नव्हतं.

भिकुबाई दारातून म्हणाल्या, "बसू दे रे. आते उतारं ना, ते म्हातारा खाट धरी."

मागे ज्योती आणि लाल टाकी बसली, आणि टाकीच्या पलीकडे कौतिक. त्याला चहापत्ती आणायची होती म्हणे. चोपड्याला चहापत्ती मिळत नाही असं त्या दिवशीच कळलं. वाटेत तो मधूनमधून विचारत होता, "आबा, आज शेपूट कोनतं उचलशात?" आबा रस्त्याकडेच्या केळीच्या बागा बघत राहिले.  ज्योतीच्या डोळ्यांपुढे तो करपलेला कॉम्प्युटर होता.

चंदनशेठने आबांना बघितलं आणि आधी आपले दोन्ही हात गल्ल्याखाली घेतले. पाणी ओकलेला कंप्रेसर परत घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. यंत्र चांगलं आहे, म्हणाले, तुम्ही वापरलं चुकीच्या कामाला. मग त्यांनी काउंटरवर तीन ब्लोअर मांडले. तीनही निळे, तीनही प्लास्टिकचे. दात नाहीत, खूर नाहीत, भोवरा नाही.

दुकानात आणखी चारदोन गिऱ्हाइकं होती. कौतिकने घसा साफ केला. "सांगा आबा. जाणता मानूस शेत तुमी."

आबा त्या तीन ब्लोअरपुढे उभे राहिले. त्यांनी पाठ केली नाही, तंबाखू काढली नाही. एकदा हात पुढे नेला, एका ब्लोअरवर थाप मारावी म्हणून, आणि मागे घेतला. त्याच्यावर थाप मारली असती तर तो तुटला असता. मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, उजव्या हातावर पसरलं, आणि हात पुढे केला. शेठकडे नाही, ज्योतीकडे.

बोटांची ती भाषा ज्योतीला येत होती. ती लहान असताना याच उपरण्याखाली आबांनी तिला गोठ्यात बसवून शिकवली होती. खेळ म्हणून.

तिने उपरण्याकडे पाहिलं.  हात आत घातला नाही तर काय होईल हे तिला कळत होतं, कौतिकला कळत होतं आणि आबांना सगळ्यात जास्त कळत होतं. तिने बराच वेळ घेतला. मग हात आत घातला आणि मधलं बोट दाबलं. मधला ब्लोअर. आणि हात काढण्याआधी आबांच्या तळव्याला असा चिमटा काढला की नखं रुतली.

आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. चेहरा हलला नाही.

"मधलं," ते म्हणाले.

"एकदम बरोबर आबा," शेठ म्हणाले. "कॉम्प्युटर रिपेअरवाले हेच नेतात."

"नाक लांब शे, दम बारीक शे," आबा कौतिककडे बघत म्हणाले. "नाजूक कामले आसंच जोयजे. जोरनं काय करानं शे?" ज्योतीने पहिल्यापासून हेच सांगितलं होतं. आता ते आबांच्या तोंडून आलं, तेव्हा प्रेमराजनेसुद्धा मान डोलावली. नातीने निवडलंय, एवढे दोन शब्द आबांना तिथे सहज बोलता आले असते. त्यांनी उपरणं झटकलं आणि खांद्यावर टाकलं.

घरी आल्यावर ज्योतीने एकेक कॉम्प्युटर अंगणात आणला. पंखा बोटाने धरला, लांबून थोडी थोडी हवा मारली. रुई गोळा होऊन मुकाट बाहेर आली. उरलेले सगळे कॉम्प्युटर घोरायचे थांबले. पोरं ओळ पूर्ण लिहायला लागली. गावात बातमी फिरली ती अशी की आबांनी मशीन बदलून आणलं आणि झटक्यात निवड केली, कौतिक साक्षीला होता.

कौतिकने तो लाल कंप्रेसर कमी भावात घेतला. चहाच्या दुकानाबाहेर ठेवला आणि ट्रॅक्टरच्या टायरमध्ये हवा भरायला लागला. यंत्र इतकं झकास चाललं की चहापेक्षा हवा जास्त खपायला लागली. आबा पुन्हा पारावर येऊन बसले आणि तीन उत्तरांत एक चौथं जोडलं. "जनावर मी चांगलंच पसंत करेल व्हतं. जुपाना टाइमले चुकनं." जुंपलं कोणी, हे कुणी विचारलं नाही. कौतिक तर विचारूच शकत नव्हता. त्याचं आबांनीच भलं केलं होतं.

मग लताबाईंना फ्रिज घ्यायचा झाला. कूलरचं सगळं विसरून त्या आबांना बोलवायला आल्या. आबांनी टोपी घातली, लताबाईंच्या पोराने आणलेल्या गाडीत पुढच्या सीटवर बसले आणि क्लासच्या दाराकडे बघत राहिले. ज्योती पोरांना शिकवत होती. पोराने हॉर्न वाजवला. आबा खाली उतरून क्लासच्या दारात गेले.

"पोरी, चाल ना. तुले बी जराखा वारा लागी."

"मला फ्रिजमधलं कळतं का आबा?"

"त्या मोबाईलमा देखी ले."

"येते. पण पुढे मी बसणार."

आबा म्हणाले, "पुढे मी बसस." ज्योती पुन्हा फळ्याकडे वळली. आबा गाडीपर्यंत गेले, परत आले. लताबाई ओट्यावरून बघत होत्या. कौतिक समोरून बघत होता. हातात टायरची नळी तशीच.

आबा मागच्या सीटवर जाऊन बसले.

गाडी हलायच्या आत त्यांनी काच खाली केली आणि कौतिकला ऐकू जाईल अशा आवाजात लताबाईंना म्हणाले, "पुढे बसाले काय लागस? डायवरसंगे बडबड करनारा पुढे बसस. इचार करनारा मानूस मांगेच बसस." पुढे येऊन बसलेली ज्योती मोबाईलमध्ये फ्रिज बघत होती. जळगावला दुकानात उपरणं पसरलं गेलं, बोट दाबलं गेलं, फ्रिज दारातून आत गेला. आबांचं नाव झालं.

आणि आमच्या गावाने त्या काच खाली करून बोललेल्या वाक्याचा शास्त्र म्हणून स्वीकार केला. आता सोयरीक बघायला निघा नाहीतर खत घ्यायला, गाडीत मागची खिडकीची जागा मानाची. तिच्यासाठी म्हाताऱ्यांची रेटारेटी होते. पुढची सीट पोरीबाळींना देतात.

ज्योतीच्या हे लक्षात आलं तेव्हा ती चुलीपाशी येऊन आजीला म्हणाली, "आजी, आता मी मागे बसू का गं?"

भिकुबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

"बस ना माय. तू मांगे बसनी म्हंजे मान गाडीना टपवर चढी जाई."